वंध्यत्वाचे उपचार चालू असताना दोघांनी कसं सावरायचं : कुठे तुटतं आणि आधी काय ठरवून ठेवावं

तगर
उपचार सुरू होतात तेव्हा जोडप्याच्या हातात एक फाइल येते. कोणत्या दिवशी कोणतं इंजेक्शन, किती वाजता, सोनोग्राफी कधी, उपाशीपोटी यायचं की नाही, सगळं त्यात लिहिलेलं असतं. बीटाचा (गर्भ राहिला का ते सांगणाऱ्या रक्ततपासणीचा) रिपोर्ट निगेटिव्ह आला तर त्या संध्याकाळी घरी काय करायचं, हे मात्र त्या फाइलमध्ये कुठेच नसतं. माझं म्हणणं असं की तेही इंजेक्शनइतकंच आधी ठरवता येतं. जोडपी कोलमडतात त्या जागा बऱ्यापैकी ठरलेल्या आहेत: पहिल्या तपासण्यांचे निकाल, संबंधांची रात्र ठरवून 'आज रात्री चुकवू नका' असं सांगितलं जातं ते महिने, ट्रान्सफरनंतरची (भ्रूण गर्भाशयात सोडल्यानंतरची) वाट पाहणं, निगेटिव्ह आल्यानंतरचा पहिला आठवडा, आणि 'आता थांबायचं का' हा प्रश्न. समुपदेशनात रोज याच पाच जागा समोर येतात.

आधी एक गैरसमज दूर करू, कारण त्याने सगळ्यात जास्त नुकसान होतं. 'टेन्शन घेतेस म्हणून राहत नाही.' २०११ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये १४ अभ्यासांचा एकत्रित आढावा आला होता, एकूण ३,५८३ बायकांचा. उपचाराआधी मनावर असलेला ताण आणि त्या सायकलमध्ये (उपचारांच्या एका फेरीत) गर्भ राहणं-न राहणं यांचा संबंध त्यात आढळला नाही. म्हणजे रडलात, चिडलात, रात्रभर झोप लागली नाही, तरी त्यामुळे सायकल फुकट गेली असं होत नाही. ताण हलका करायचा तो एवढ्यासाठी, की हे दिवस जगण्यासारखे व्हावेत आणि थकून उपचार अर्ध्यावर सुटू नयेत. मनाच्या ओझ्यापायी उपचार मध्येच सोडणारे पुष्कळ असतात, पैसे हाताशी असूनसुद्धा.

आणि एकटे नाही आहात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३च्या अहवालानुसार साधारण सहा प्रौढांमागे एकाला आयुष्यात कधीतरी वंध्यत्वाला सामोरं जावं लागतं.

आता नेहमीचं भांडण. एकीला दिवसभर याच विषयावर बोलायचं असतं आणि दुसरा, हा विषय निघाला की, पाणी प्यायला उठतो. (उलटंही असतं, पण कमी.) यावर जुना आणि कामाचा उपाय म्हणजे २० मिनिटांचा नियम. दिवसातून एकदा, ठरलेल्या वेळी, २० मिनिटं फक्त हाच विषय. मोबाइलवर गजर लावायचा. पहिली दहा मिनिटं एकाने बोलायचं, पुढची दहा दुसऱ्याने. बोलायला लागण्याआधी सांगायचं: 'आज नुसतं ऐक' किंवा 'आज काय करायचं ते सुचव'. हे एक वाक्य आधी आलं तर निम्मी भांडणं टळतात, कारण समोरचा उपाय सांगत बसतो आणि बोलणारीला उपाय नको असतो. जागा पलंगावरची नको. जेवणानंतर गच्ची, चाळीतला पॅसेज, फेरफटका, काहीही चालेल. गजर झाला की विषय उद्यावर.

हा नियम बिघडतो कुठे? एकाने त्याचा 'गप्प बस, वेळ संपली' असा वापर केला की. म्हणून त्याची दुसरी बाजू तितकीच पाळायची: ती २० मिनिटं रोज झालीच पाहिजेत, सांगण्यासारखं काही नसलं तरी. वाट पाहणाऱ्याला खात्री पटली की आपली वेळ येणार आहे, तर दिवसभराचं उकरणं आपोआप कमी होतं.

माणदेशी
२० मिनिटांचं पटलं. पण 'तुला काही वाटतच नाही' हे वाक्य येतं तेव्हा काय म्हणायचं? वाटतं, पण दोघांनी रडून कसं चालेल, असं बऱ्याच पुरुषांना वाटतं.

तगर
@माणदेशी, हेच्च तिला सांगायचं, याच शब्दांत. बहुतेक पुरुष घर उभं ठेवायची जबाबदारी घेऊन गप्प बसतात आणि ते गप्प बसणं तिला बेफिकिरी वाटतं. बोलणं जमत नसेल तर काम दिसू द्या. एक अख्खी जबाबदारी उचला, तिने सांगायची वाट न बघता. उदाहरणार्थ, सगळी इंजेक्शनं आणणं, फ्रीजमध्ये नीट ठेवणं, वेळेचा गजर आणि बिलांची फाइल. 'सांग, मी करतो' यात विचार करायचं काम तिच्याकडेच राहतं.

कृष्णाकाठ
मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे, त्यामुळे सुरुवातीच्या तपासण्यांबद्दल लिहिते. मनातली पहिली अढी तिथेच पडते.

नियम साधा आहे. १२ महिने नियमित प्रयत्न करून गर्भ राहिला नाही तर दोघांनी तपासणी करायची. बाईचं वय ३५ च्या वर असेल तर ६ महिन्यांनीच. 'दोघांनी' या शब्दावर माझा भर आहे. जवळपास निम्म्या जोडप्यांत पुरुषाच्या बाजूचं काही ना काही कारण असतं, एकटं किंवा बाईच्या कारणाबरोबर. तरी आपल्याकडे काय होतं? तिची रक्ततपासणी, सोनोग्राफी, नळ्यांचा एक्स-रे, कधीकधी दुर्बिणीतून तपासणीही होऊन जाते, आणि त्याची वीर्यतपासणी 'बघू पुढच्या महिन्यात'वरच असते. सगळ्यात स्वस्त आणि बिनत्रासाची तपासणी सगळ्यात शेवटी! वर्षभराने त्याच्या रिपोर्टात दोष निघतो तेव्हा तिच्या मनात जे साठलेलं असतं ते उपचारांनी जात नाही. पहिल्याच भेटीत दोघांच्या चिठ्ठ्या एकदम मागून घ्या.

वीर्यतपासणीआधी २ ते ७ दिवस संबंध किंवा हस्तमैथुन नको. एका रिपोर्टावर निष्कर्ष काढायचा नाही. शुक्राणू तयार व्हायला सुमारे अडीच महिने लागतात, त्यामुळे दोन महिन्यांपूर्वीचा डेंग्यू किंवा टायफॉइडचा ताप आजच्या रिपोर्टात दिसू शकतो. जिममध्ये कुणी टेस्टोस्टेरॉन देत असेल तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा. त्याने शुक्राणू वाढत नाहीत, उलट कमी होतात, कधी अगदी शून्यावर जातात. बहुतेकदा बंद केल्यावर काही महिन्यांत परत येतात, पण त्या काळात घरात जो दोषारोप होतो तो टाळण्यासारखा असतो.

दुसरी भीतीची जागा म्हणजे एएमएच. रिपोर्टात १ च्या खाली आकडा दिसला की बायका रात्रभर इंटरनेटवर बसतात. एएमएच अंडाशयात अंडी साधारण किती उरलीत आणि इंजेक्शनांना अंडाशय किती प्रतिसाद देईल याचा अंदाज देतं. अंड्यांचा दर्जा ते सांगत नाही, तो मुख्यतः वयावर असतो. आणि आपोआप गर्भ राहील की नाही याचं भाकीत त्यावरून होत नाही. आकडा कमी असेल तर घाई करायला कारण आहे, हात टेकायला नाही.

रिपोर्ट घ्यायला दोघांनी जायचं. व्हॉट्सॅपवर आलेला रिपोर्ट ऑफिसात एकट्याने उघडायचा नाही. डॉक्टरांना विचारायचे प्रश्न कागदावर लिहून न्या, आणि उत्तरं एकाने लिहून घ्या. धक्का बसलेला माणूस पहिल्या दोन वाक्यांनंतर फारसं ऐकत नाही.

दर्याकाठ
'आज रात्री चुकवू नका' याबद्दल लिहा ना कुणी. त्यावर कुणीच बोलत नाही.

कृष्णाकाठ
@दर्याकाठ, बरोबर. फॉलिक्युलर स्टडीच्या (बीज कधी सुटेल ते सोनोग्राफीने बघण्याच्या) तिसऱ्या-चौथ्या महिन्यात बऱ्याच घरांत शय्यागृहाची परीक्षा-खोली होते. त्याला त्या रात्री जमत नाही, तिला वाटतं महिना गेला, दोघं पाठ फिरवून झोपतात. वैद्यकीयदृष्ट्या इतकं ताणायची गरजच नसते. गर्भ राहू शकतो असे दिवस साधारण सहा: बीज सुटण्याआधीचे पाच आणि तो दिवस. एक-दोन दिवसांआड संबंध असले तर त्यात फार काही निसटत नाही. म्हणून तारीख एकटीला माहीत असू द्यायची आणि त्याला सांगायचं नाही, हा एक मार्ग. दुसरा मार्ग म्हणजे 'या आठवड्यात तीनदा' एवढंच ठरवायचं, अमुक रात्र नाही. आणि महिन्यातले उरलेले दिवस मुद्दाम मोकळे ठेवायचे, ज्यात जवळ येण्याचा मुलाशी काही संबंध नसेल. सलग सहा महिने ताठरता येत नसेल किंवा तिला वेदना होत असतील तर तेही डॉक्टरांना सांगा. त्यावर उपचार आहेत, आणि इतर काही दोष नसेल तर अशा जोडप्याला आयव्हीएफऐवजी (अंडी काढून लॅबमध्ये भ्रूण तयार करण्याऐवजी) आययूआयसुद्धा (शुक्राणू थेट गर्भाशयात सोडणं) पुरेसं ठरू शकतं.

लॅबमधून
मी भ्रूणशास्त्रज्ञ. एका दिवसाबद्दल लिहितो, ज्याची तयारी कुणीच करत नाही: ओपीयूचा दिवस, म्हणजे अंडी काढण्याचा.

ट्रिगरच्या, म्हणजे अंडी पक्व करणाऱ्या शेवटच्या इंजेक्शननंतर ३४ ते ३६ तासांनी अंडी काढतात, ती वेळ पुढेमागे होत नाही. त्याच सकाळी नवऱ्याने नमुना द्यायचा असतो. बायको ऑपरेशन थिएटरमध्ये, दाराबाहेर नर्स, घड्याळ पळतंय, छोटी खोली, आणि त्या सकाळी नमुना येतच नाही. एरवी कधी अडचण न आलेल्या माणसालाही असं होतं. यात त्याचं पुरुषत्व वगैरे काही नाही, शरीर घाबरलेलं असतं. पण तो प्रसंग पुढची कित्येक वर्षं घरात उच्चारला जातो.

उपाय सोपे आहेत, फक्त आधी करायला हवेत. एक, सायकल सुरू व्हायच्या आधीच एक नमुना गोठवून ठेवा. 'बॅकअप' म्हणून सांगा, लॅबला कळतं. आखातात, जहाजावर किंवा फिरतीच्या नोकरीवर असणाऱ्यांनी तर हे करायलाच हवं, आणि सोबत दोघांच्या लेखी संमत्या पूर्ण करून ठेवायच्या. दोन, घर जवळ असेल तर घरून नमुना आणायची परवानगी विचारा. तासाभराच्या आत, लॅबने दिलेल्या डबीत, शर्टाच्या आतल्या बाजूला अंगाशी धरून आणायचा. बर्फात नाही, गाडीच्या डॅशबोर्डवर नाही. तीन, साधं दुकानातलं वंगण, तेल, साबण, लाळ वापरायची नाही. शुक्राणूंना त्याचा त्रास होतो. साधं कंडोमही नको, गरज असेल तर लॅबकडून खास पिशवी मिळते. चार, पहिला भाग डबीबाहेर सांडला तर लपवू नका. बहुतेक शुक्राणू त्या पहिल्या भागातच असतात, आणि आम्हाला सांगितलंत तर आम्ही रिपोर्टचा अर्थ नीट लावू शकतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. ज्यांच्या रिपोर्टात शुक्राणू फारच कमी किंवा शून्य आहेत, त्यांना ओपीयूच्या सकाळी असा प्रश्न येऊ शकतो: 'सुईने काढूनही काही मिळालं नाही, दात्याचे वापरायचे का?' भूल उतरायच्या आत, पाच मिनिटांत हा निर्णय घ्यायला लावू नये आणि घेऊही नये. सायकलच्या आधी दोघांनी बसून लिहून ठेवा: नाही मिळाले तर अंडी गोठवायची, की दात्याचे वापरायचे, की थांबायचं. तिन्ही उत्तरं रास्त आहेत. 'हो' म्हणायचं असेल तर त्याआधी समुपदेशकाकडे किमान दोन बैठका झालेल्या असाव्यात. कारण प्रश्न त्या सकाळपुरता नाही, पुढे मुलाला सांगायचं का, कधी, घरात कुणाला माहीत असणार, हे त्यातच आलं. कायद्याने असं मूल सर्वार्थाने तुमचंच असतं, दात्याचा त्यावर हक्क राहत नाही. पण 'मी फक्त तिच्यासाठी हो म्हणालो' हे मनात राहिलं तर कायदा तिथे कामाला येत नाही.

२०२१च्या सहाय्यक जननतंत्रज्ञान कायद्याने क्लिनिकवर समुपदेशन देण्याची जबाबदारी टाकली आहे, त्यात यशाची शक्यता समजावून सांगणंही येतं. बऱ्याचदा ते एका सहीत आटोपतं. तुम्ही मागा. तो उपकार नाही.

सागरगोटा
लॅबमधून यांनी पुरुषांची बाजू फार नीट मांडली. मी आयव्हीएफ विभागात परिचारिका आहे, इंजेक्शनांचे दिवस आणि ट्रान्सफरनंतरचे १४ दिवस मी लिहिते.

इंजेक्शनं साधारण ८ ते १२ दिवस चालतात. या दिवसांत चिडचिड, रडू, पोट फुगणं हे औषधांचं काम आहे, स्वभावाचं नाही. भिंतीवर कॅलेंडर लावून त्यावर इंजेक्शनांचे दिवस रंगवा. त्या रंगीत चौकोनांत घर विकायचं, नोकरी सोडायची, दिराशी हिशेब मिटवायचा, असलं काही ठरवायचं नाही. चालायला हरकत नाही. उड्या, धावणं, सूर्यनमस्कार, जड वजन मात्र नको. मोठं झालेलं अंडाशय पिळवटू शकतं. पोट भराभर वाढलं, लघवी कमी झाली, धाप लागली, दिवसात किलोभर वजन वाढलं तर 'टेन्शन असेल' म्हणून घरी बसायचं नाही, लगेच फोन करायचा.

ट्रान्सफरनंतर पलंगावर पडून राहायची गरज नाही. त्याने गर्भ जास्त टिकतो असं दिसलेलं नाही. उलट पडून राहिलं की डोकं फिरत राहतं. हलकं काम, ऑफिस, स्वयंपाक चालतं. मांडी घातली, जिना चढला, शिंक आली म्हणून गर्भ 'पडत' नाही. हे सासूबाईंनाही डॉक्टरांच्या तोंडून ऐकू द्या. एक भेट त्यांना घेऊन या.

लक्षणं शोधू नका. योनीत ठेवायच्या प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्यांनी छाती दुखते, पोट जड होतं, झोप येते. गर्भ राहिला तरी आणि नाही राहिला तरी हेच होतं. त्यामुळे 'कालपर्यंत दुखत होतं, आज थांबलं' याचा काहीही अर्थ निघत नाही. थोडा डाग दिसला तरी गोळ्या आपल्या मनाने बंद करायच्या नाहीत. ही चूक दरवर्षी कुणीतरी करतंच.

घरी टेस्ट करायची का? माझं मत: नको. ताज्या सायकलमध्ये (भ्रूण न गोठवता लगेच सोडतात तेव्हा) ट्रिगरचं एचसीजी, म्हणजे टेस्ट जे शोधते तेच संप्रेरक, रक्तात दहा-बारा दिवस राहू शकतं आणि खोटी दुसरी रेघ दाखवतं. लवकर केली तर खरी असूनही दिसत नाही. दोन्हीकडून मनःस्ताप.

वाट पाहण्याच्या दिवसांसाठी कार्डिफ विद्यापीठात एक साधा उपाय तयार झाला: दहा वाक्यांचं खिशात मावणारं कार्ड. या परिस्थितीत जे काही बरं आहे त्याकडे लक्ष वळवणारी ती वाक्यं, दिवसातून किमान दोनदा वाचायची. 'सगळं चांगलंच होणार' असली ती वाक्यं नाहीत, हे महत्त्वाचं. आपल्या मराठीत स्वतः लिहा. 'आज आईने केलेल्या शिऱ्यात मला चव लागली', 'आम्ही डॉक्टरांना नीट प्रश्न विचारले', अशी. खोटी आशा लिहाल तर निगेटिव्हच्या दिवशी तेच कार्ड टोचेल.

कृष्णाकाठ
@सागरगोटा, एका ठिकाणी माझं मत वेगळं आहे. काही बायकांना दवाखान्याचा फोन यायच्या आधी आपलं आपल्याला कळलेलं बरं वाटतं. त्यांना सरसकट मनाई केली तर त्या लपून करतात. मी सांगते: करायचीच असेल तर बीटाच्या आदल्या दिवशी किंवा त्याच सकाळी, दोघांनी मिळून, आणि निकाल काहीही आला तरी रक्ताची तपासणी चुकवायची नाही. निगेटिव्ह दिसली म्हणून औषध बंद करायचं नाही.

सागरगोटा
मान्य. 'दोघांनी मिळून' हे तर अगदीच.

बीटाच्या दिवसाचं आधी ठरवायचं ते असं. फोन कुणाच्या नंबरवर येणार? बहुतेकींना वाटतं नवऱ्याच्या, आणि त्याने घरी येऊन सांगावं. काहींना उलट. फॉर्मवर तसा नंबर लिहा. ती वेळ मीटिंगची, शाळेच्या तासाची, लोकलमधली नको. संध्याकाळी पाचनंतर करा म्हणून सांगितलं तर बहुतेक ठिकाणी ऐकतात. कुटुंबातल्या फक्त एका माणसाला तारीख सांगा आणि बाकीच्यांना तोच कळवेल असं ठरवा. म्हणजे निगेटिव्ह आल्यावर सात जणांना सात वेळा तेच सांगावं लागत नाही.

आकडाही समजून घ्या. ५ च्या खाली निगेटिव्ह, २५ च्या वर पॉझिटिव्ह, मधला भाग धूसर. त्यात ४८ तासांनी पुन्हा तपासणी असते. एका आकड्यावर पेढे नाहीत आणि रडणंही नाही. हे ४८ तास सगळ्यात वाईट जातात. शक्य असेल तर दोघांनी रजा टाका.

पारिजात
वाचून डोळे भरून आले, खूप आभार. माझा प्रश्न घरच्यांचा. डोहाळजेवण, बारसं, हळदीकुंकू, संक्रांतीपासून सुरुवात होते. 'गोड बातमी कधी', 'पाळणा कधी हलणार'. न जावं तर 'हिला बघवत नाही' म्हणतात. जावं तर ओटी भरताना मला वगळतात.

तगर
@पारिजात ताई, ओटी भरताना वगळणं हा उघड अपमान आहे. तो तुम्ही हसून घ्यायचा नाही.

कार्यक्रमांचं असं करता येतं. आमंत्रण आलं की तीनपैकी एक निवडा: जायचं नाही, तासभर जायचं, पूर्ण थांबायचं. इंजेक्शनांच्या आणि वाट पाहण्याच्या दिवसांत डोहाळजेवण-बारशाला जायचंच नाही असा सरसकट नियम केला तरी चालेल. भेट आधी पाठवा, फोन करा, 'त्या दिवशी दवाखान्याची वेळ आहे' म्हणा. ते खरंच असतं. तासभर जायचं असेल तर सुरुवातीला जा, ओटीच्या आधी निघा. नवऱ्याने बरोबर ठरलेल्या मिनिटाला फोन करून बोलवायचं, हे आधीच पक्कं.

उत्तरं पाठ करून ठेवा, कारण त्या क्षणी सुचत नाही. परक्यांना: 'काकू, काही असलं तर तुम्हाला कळेलच', आणि लगेच विषय बदलायचा, 'तुमच्या गुडघ्याचं काय झालं?' जवळच्यांना: 'उपचार चालू आहेत. काही कळलं की आम्हीच सांगू, तोवर विचारू नका, त्रास होतो.' तिसऱ्यांदा विचारलं तर न हसता तेच वाक्य पुन्हा, शब्दही न बदलता.

आणि मुख्य नियम: ज्याच्या बाजूचे नातेवाईक, त्याने बोलायचं. सासूबाईंशी, आत्यांशी, जाऊबाईंशी बोलायचं काम नवऱ्याचं. 'आई, दोष कुणाचा हे तू विचारायचं नाहीस. तपासणी आमच्या दोघांची चालू आहे' हे मुलाच्या तोंडून एकदा आलं की घरातला सूर बदलतो. सुनेने हेच म्हटलं तर उद्धटपणा ठरतो, आपल्याकडे हे असंच आहे. मूल न होण्याचं कारण त्याच्या बाजूचं असताना त्याने गप्प राहून तिला बोलणी खाऊ देणं, ही मी पाहिलेली सगळ्यात खोल जखम आहे. रिपोर्ट कुणाला दाखवायचा नसेल तर नका दाखवू. पण 'आमच्या दोघांचं' हे शब्द बाहेर बोलायचेच.

नवस, त्र्यंबकेश्वरचा नारायण नागबळी, उपास, याबद्दलही विचारलं जातं. दोघांची श्रद्धा असेल तर करा, मनाला बळ मिळत असेल तर त्यात वाईट काही नाही. फक्त तीन दिवसांचा विधी ओपीयू-ट्रान्सफरच्या तारखांवर नको, इंजेक्शनांच्या दिवसांत निर्जळी उपास नको, आणि लेबल नसलेली भुकटी, भस्म, 'जडी' पोटात नको, ती कुणीही दिलेली असो. त्यात शिसं-पारा असू शकतो.

दर्याकाठ
निगेटिव्ह आल्यानंतरच्या आठवड्याचं राहिलं.

तगर
हो. पहिले तीन दिवस काही ठरवायचं नाही. ना पुढची सायकल, ना क्लिनिक बदलणं, ना 'आता बास'. डॉक्टरांची पुढची भेट मात्र निकालाच्या आधीच घेऊन ठेवायची, दोन-तीन आठवड्यांनंतरची. म्हणजे पुढे काहीतरी आहे हे कळतं आणि रागाच्या भरात फोन करावा लागत नाही. त्या आठवड्यात डबा बाहेरून, घरी पाहुणे नाहीत, व्हॉट्सॅपचे कौटुंबिक गट म्यूट. रडायला जागा द्या. 'पुढच्या वेळी होईल' असं पहिल्या दिवशी म्हणू नका, तिला ते 'या वेळचं विसर' असं ऐकू येतं. 'हे वाईट झालं' एवढं म्हणा आणि जवळ बसा.

गर्भ राहून गेला असेल तर ते मूल गेल्याचंच दुःख आहे, सहा आठवड्यांचं असो वा बाराचं. ज्यांना मातृत्व रजेचा कायदा लागू आहे त्यांना गर्भपातानंतर ६ आठवड्यांची पगारी रजा मिळते, डॉक्टरांचा दाखला लागतो. बऱ्याच जणी वैयक्तिक रजा संपवतात, कारण हे कुणी सांगत नाही.

दुःख आणि आजार यातली रेघ: सलग दोन आठवडे, दिवसाचा बहुतेक वेळ उदास, कशातच रस नाही, झोप किंवा भूक पार बिघडलेली, स्वतःला निरुपयोगी समजणं. असं असेल तर मानसोपचारतज्ज्ञ. मरणाचे विचार असतील तर दोन आठवडे थांबायचं नाही, त्याच दिवशी जायचं. १४४१६ ही 'टेलिमानस'ची, म्हणजे मानसिक आरोग्यासाठीची सरकारी विनामूल्य फोनसेवा चोवीस तास चालते, मराठीतही बोलता येतं. आधीपासून नैराश्याच्या गोळ्या चालू असतील तर 'बाळासाठी' म्हणून आपल्या मनाने बंद करू नका. दोन्ही डॉक्टरांना एकमेकांशी बोलायला सांगा.

अनुराधा_न
मी दत्तक संस्थेशी निगडित सामाजिक कार्यकर्ती. पैसे आणि थांबणं याबद्दल.

पहिल्या इंजेक्शनच्या आधी एका कागदावर दोघांनी तीन आकडे लिहावेत: जास्तीत जास्त किती सायकली, जास्तीत जास्त किती रुपये, आणि कोणत्या महिन्यापर्यंत. खाली सह्या. खाजगी ठिकाणी एका सायकलला औषधांसकट साधारण दीड-अडीच लाख सहज लागतात, भ्रूण गोठवण्याचे आणि पुढच्या ट्रान्सफरचे वेगळे. म्हणून रकमेत 'एक सायकल आणि एक गोठवलेली ट्रान्सफर' असा हिशेब धरा. सोनं, गावची जमीन, आईवडिलांची पेन्शन यांना हात लावायचा की नाही, हेही त्याच कागदावर. गोव्यातल्यांनी बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजात चौकशी करावी, तिथे आयव्हीएफ विनामूल्य उपलब्ध करून दिलं आहे.

क्लिनिकला विचारताना 'सक्सेस रेट किती' एवढंच विचारू नका. 'माझ्या वयाच्या बायकांत, एका ट्रान्सफरमागे, किती जणींचं मूल घरी गेलं' असं विचारा. पॉझिटिव्ह बीटा आणि घरी आलेलं मूल यात बरंच अंतर असतं, जाहिरातीतला आकडा बहुधा पहिल्याचा असतो. स्वतःची अंडी वापरताना ३५ च्या आतसुद्धा एका ट्रान्सफरमागे ही शक्यता निम्म्याहून कमी असते, आणि चाळिशीनंतर बरीच कमी. हे आधी माहीत असलं तर निगेटिव्ह आल्यावर 'माझंच काही चुकलं' असं कमी वाटतं.

ठरलेला आकडा आला की कागद काढायचा. वाढवायचा असेल तर जरूर वाढवा, पण निदान दोन महिने थांबून, दोघांच्या सहीने. एकाला थांबायचं असेल आणि दुसऱ्याला नसेल, तर थांबणाऱ्याला घाबरट ठरवू नका. बहुतेक वेळा ज्याच्या शरीरावर सुया टोचल्या जातात तोच आधी थकतो.

माणदेशी
दत्तकाची नोंदणी उपचार चालू असतानाच करून ठेवावी का? लहान बाळासाठी रांग मोठी आहे म्हणतात.

अनुराधा_न
@माणदेशी, रांग खरंच मोठी आहे, अगदी लहान बाळासाठी वर्षांनुवर्षं. वयाचं गणितही बघा: २ वर्षांखालच्या मुलासाठी दोघांच्या वयांची बेरीज ८५ च्या आत लागते, २ ते ४ वर्षांच्या मुलासाठी ९० च्या आत. लग्नाला किमान दोन वर्षं झालेली हवीत, आणि दोघांची संमती. नोंदणी फक्त 'कारा'च्या (केंद्र सरकारच्या दत्तक प्राधिकरणाच्या) अधिकृत पोर्टलवर. दवाखान्याच्या दारात 'बाळ मिळवून देतो' म्हणणारा माणूस भेटला तर तिथून निघा, तो गुन्हा आहे.

उपचार चालू असताना नोंदणी करायला हरकत नाही, रांगेत नंबर लागतो. पण घरभेटीला येणारी सामाजिक कार्यकर्ती एक प्रश्न विचारतेच: पोटचं मूल होण्याचा विषय तुमच्या मनात कुठवर आला आहे? निगेटिव्ह रिपोर्टच्या आठवड्यात रागाने भरलेला अर्ज तिथे लगेच कळतो. आणि 'दत्तक घेतलं की पोटचं होतं' या समजुतीपायी तर कुणीच अर्ज भरू नये. येणाऱ्या मुलावर तो अन्याय आहे.

दोघांपैकी एकाची तयारी झाली आणि दुसऱ्याची नाही, असं जवळजवळ नेहमी होतं. तेव्हा अर्ज भरू नका, दत्तक पालकांच्या एखाद्या मेळाव्याला नुसते जाऊन बसा. तिथे मुलं खेळत असतात.

पारिजात
तीन आकड्यांचा कागद आज रात्री करतो आहोत. एक विचारायचं होतं, तो कागद कुठे ठेवायचा? फाइलमध्ये ठेवला तर दवाखान्यात सगळ्यांना दिसतो.

अनुराधा_न
फाइलमध्ये नको. कपाटात, लग्नाच्या दाखल्याच्या पाकिटात ठेवा.